अकरा बाठे

आज दुपारी एका बारशाला चाळीस माणसांदेखत माझ्या पानावरून आंब्याची वाटी उचलली गेली. उचलणारीने मला विचारलंसुद्धा नाही. "अहो, ह्यांना शुगर आहे, ह्यांना आंबा नको," असं हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात वाढप्याला सांगितलं आणि वाटी शेजारच्या पानावर सरकवली. नात्याने माझी लांबची नणंद लागते. मनाने वाईट नाही, हे आधीच लिहून टाकते, कारण त्यांच्या घरातले चार जण माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. वाचा आणि दाखवा तिला.

वाटीत किती फोडी होत्या? तीन. बोटाएवढ्या. आणि त्या गेल्यावर काय आलं? "वहिनी, तुमच्यासाठी मुद्दाम शुगर-फ्री काजूकतली सांगितलीय." दोन वड्या. वर "गोड नाही म्हणून उपाशी नका राहू हं" म्हणत मसालेभाताचा आणखी एक डाव, दोन गरम पुऱ्या आणि त्यांना सोबत म्हणून बटाट्याची भाजी. मी हसले. "अय्या, कशाला एवढं" म्हणाले आणि निमूटपणे पुरी मोडली. खरा संताप त्याचाच आलाय, त्या माझ्या हसण्याचा.

मला मधुमेह होऊन सहा वर्षं झाली. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ८.४ आला तेव्हा कळलं, आता तो ६.९ आहे. तो आपोआप नाही उतरला. घरात साखर मोजायचं मशीन आहे, त्याच्या स्ट्रिपा महाग आहेत, तरी टोचून टोचून मी माझं शरीर पाठ केलंय. दुपारच्या जेवणात भात घेतला नाही, दोनऐवजी एकच पोळी, भरपूर पालेभाजी, उसळ, आणि त्यावर अर्धा हापूस, की दोन तासांनी माझी साखर दीडशेच्या आसपास असते. आषाढी एकादशीला एक बशी साबुदाण्याची खिचडी खाल्ली, तेव्हा दोनशे छत्तीस. पण साबुदाण्याची बशी माझ्या हातातून आजवर कोणी काढून घेतलेली नाही. उलट "उपास आहे ना, घ्या अजून थोडी" असा आग्रह होतो. कारण साबुदाणा गोड लागत नाही. आपल्या लोकांच्या डोक्यात साखर म्हणजे जिभेला जे गोड लागतं तेवढंच. पोळी, भात, पोहे, मारी बिस्किट, खारी, हे सगळं पोटात गेल्यावर कुठे जातं म्हणता? काशीला?

अर्ध्या हापूसात जेमतेम एका पोळीएवढी कर्बोदकं (पोटात ज्यांची साखर होते ती) असतात हो. पोळी कमी केली की हिशेब जुळला. ह्यात कसलं रॉकेट सायन्स आहे?

तर आता आमचे आप्पा.

आप्पांना शुगर निघाली तेव्हा मी कॉलेजात होते. चिपळूणजवळ घर, मागे हापूसची दोन कलमं, एक पायरी. मे महिन्यात माळ्यावर आढी घातलेली असायची, अख्ख्या घराला गवताचा आणि पिकत्या आंब्याचा वास. डॉक्टरांनी सांगितलं, गोड बंद. आईने ते शब्दशः घेतलं आणि माळ्याच्या दाराला कुलूप घातलं. किल्ली कनवटीला. जेवताना आम्हा पोरांच्या पानात आंबा, आप्पांच्या पानात ताकाची वाटी. माणूस एस.टी.त तीस वर्षं नोकरी केलेला, गावात चार जण सल्ला विचारायला यायचे, आणि पानातल्या ताकाकडे बघत बसायचा. मात्र भात तीन वेळा वाढून घ्यायचे. त्याला आईची ना नव्हती. भात नाही खायचा तर कोकणातल्या माणसाने खायचं काय?

जूनमध्ये पाऊस लागला. एका सकाळी आई न्हाणीघरामागे अळू काढायला गेली आणि तिथूनच तिने हाक मारली, "अहो, इकडे या जरा." आम्हीही धावलो. केळीच्या बेटाखाली, सांडपाण्याच्या ओल्या मातीत, आंब्याची रोपं उगवली होती. मोजली मी. अकरा. तांबूस, चकचकीत, लुळी कोवळी पानं, आणि बुडाशी फुटलेला बाठा मातीतून वर आलेला. रात्री घर निजलं की आप्पा माळ्याच्या दाराची कडी बिजागरीसकट उचकटून आंबे काढत होते, अंधारात न्हाणीघरामागे उकिडवे बसून खात होते, आणि पुरावा नको म्हणून बाठे पुरत होते.

आई काही बोललीच नाही. आप्पांनी रोपांकडे बघितलं आणि म्हणाले, "मेल्यांना पाय फुटले."

आम्ही हसून हसून लोळलो होतो. आज ती गोष्ट मी हसत सांगू शकत नाही.

कारण अकरा ही नुसती उगवलेल्यांची संख्या. न उगवलेले किती असतील? आणि एका बैठकीला चार-चार. उघडपणे पानात अर्धा मिळाला असता तर माणूस मध्यरात्री उठून चार आंबे खातो का? चोरून खाणाऱ्याला माप नसतं. पुन्हा मिळेल की नाही ह्याची खात्री नसते, म्हणून तो आज पोटभर खाऊन घेतो.

बरं, आता लगेच "ताई, मधुमेह गंभीर आजार आहे" असं लिहायला येणाऱ्यांनी थांबा. मला माहीत आहे. आप्पांच्या डाव्या पायाचा अंगठा गेला. शेवटची सहा-सात वर्षं इन्सुलिनवर होते. तेव्हा मला गंभीरपणा शिकवू नका.

आणि हो, आमरस वेगळा, हेही मान्य. वाटीभर रसात दोन-तीन आंबे सहज जातात, वर साखर, आणि चावायचं काही नाही म्हणून तो घशाखाली कधी उतरतो कळत नाही. तो मी सोडला. रडत सोडला, पण सोडला. चिकू, सीताफळ आणि द्राक्षंही मला झेपत नाहीत, मशीन लगेच चुगली करतं. ज्यांची किडनी अधू आहे त्यांना पोटॅशियम वाढू नये म्हणून केळं, नारळपाणी सांभाळावं लागतं, त्यांनी माझं अजिबात ऐकू नये, डॉक्टरांचं ऐकावं. झालं समाधान?

आता ज्यूसवाले. "साखर नाही घातली हो, फ्रेश आहे!" अहो, एका पेल्याला तीन-चार संत्री पिळलीत. चोथा गेला गाळणीत, साखर आली पेल्यात. अख्खं संत्रं सोलून, बिया थुंकत, फोडीफोडीने खायला दहा मिनिटं लागतात आणि एका संत्र्यात माणसाचं समाधान होतं. पेला दहा सेकंदांत संपतो. पण संत्रं मागितलं की "चालतं का तुम्हाला?" आणि ज्यूस मात्र आजारी माणसाला भेटायला जाताना पिशवीत घालून नेतात.

आणि गूळवाले! गुळाचा चहा घेणाऱ्यांनी तर माझं आयुष्य नासवलंय. गूळ काय आभाळातून पडतो का? उसाचाच ना? रक्ताला गूळ कळत नाही, साखर कळते. तेच मधाचं. तेच खजुराच्या लाडवाचं, ज्यावर लोक बिनधास्त "शुगर-फ्री" लिहून विकतात. सुक्या खजुरात वजनाच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास साखरच असते. तीन फोडी आंबा विष, आणि खजुराचे दोन लाडू औषध. धन्य.

जांभळाच्या बियांचं चूर्ण मला आजवर सात जणांनी दिलंय. सातही डबे मागच्या कपाटात आहेत, कुणाला हवे असतील तर येऊन घेऊन जा. जांभळं मात्र मी आवडीने खाते, बहाडोलीची मिळाली तर मुठभर, मीठ लावून. पेरूही रोज. ऑफिसात अकरा वाजता सगळे चहा-बिस्किट घेतात, तेव्हा मी माझा पेरू कापते, तिखटमीठ भुरभुरते, आणि त्या वासाने बिस्किटवाले चौघं माझ्या टेबलाशी येतात. पपई आहे, सफरचंद आहे. फळ मला बंद नाहीये. फक्त माप सोडायचं नाही, एवढं साधं आहे. आयसीएमआर, म्हणजे देशाची वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या हैदराबादच्या पोषण संस्थेने २०२४ साली जो रोजचा आहार सुचवला त्यातसुद्धा शंभर ग्रॅम फळ आहे. तो सगळ्यांसाठी आहे, खास मधुमेह्यांसाठी नाही, ठीक आहे. पण मी "सगळ्यां"तून कधी बाहेर पडले?

आणि संख्येने आम्ही काही थोडे नाही. २०२३ साली आयसीएमआरचीच पाहणी आली होती, देशात दहा कोटींवर मधुमेही, मोठ्या माणसांत शेकडा अकराच्या वर. गोव्यात तर चारातल्या एकाहून जास्त. म्हणजे आजच्या चाळीस पानांत माझ्यासारखी आणखी तिघं-चौघं सहज असतील. ती गप्प होती. गप्प बसून पुऱ्या खात होती आणि त्यांची वाटी शाबूत होती, कारण त्यांनी कुणाला सांगितलेलंच नाही. मी सांगितलं, ही माझी चूक.

आईवर मात्र मला रागावता येत नाही. मघाशी तिच्याबद्दल जे लिहिलं ते परत वाचलं, जरा जास्तच झालंय. तिच्या सख्ख्या भावाचा पाय ह्याच आजाराने गुडघ्याखाली कापला होता. ते कुलूप भीतीचं होतं. भाताला कुलूप घालायला तिला कुणी सांगितलंच नव्हतं, चौथी शिकलेल्या बाईला डॉक्टरांनी "गोड बंद" एवढे दोनच शब्द दिले होते. पुढे इन्सुलिन सुरू झाल्यावर एकदा पहाटे आप्पा घामाने चिंब, हात थरथरतायत, बोलणं बरळल्यासारखं. साखर उतरली होती. आईने डब्यातून साखर काढून चमच्याने त्यांच्या तोंडात घातली, वर पाणी पाजलं. अर्ध्या तासाने माणूस उठून बसला आणि म्हणाला, "घरात साखर आहे म्हणायची." आई त्या दिवशी खूप रडली.

नणंदेलाही भीतीच असेल. असेल. पण मग माझ्या कानाशी येऊन विचारायचं होतं, "वहिनी, आंबा चालेल का?" मी सांगितलं असतं, चालेल, भात नको. एवढंच.

आता जे लिहिणार आहे ते लिहू की नको, असा दहा मिनिटं विचार केला.

बारशाहून घरी आले. हे झोपले होते. मी स्वयंपाकघरात गेले, दिवा लावला नाही. टोपलीतला एक आंबा घेतला, सिंकवर वाकून, न कापता, साल दाताने ओढून खाल्ला. मग दुसरा. कोपरापर्यंत ओघळ. साली वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि कचऱ्याच्या डब्यात खाली, भाजीच्या देठांच्याही खाली दाबल्या. हात धुतला, नळ हळू सोडून. आणि तेव्हा लक्षात आलं की बाठे माझ्या मुठीतच आहेत, आणि मी ते कुठे टाकायचे ह्याचा विचार करतेय.

चौपन्न वर्षांची बाई. स्वतःच्या घरात. स्वतःच्या पैशाने आणलेला आंबा.

दोन तासांनी टोचून बघितलं. आकडा लिहीत नाही, विचारू नका. मसालेभात, पुऱ्या आणि दोन आंबे, तुम्हीच करा बेरीज. यांना उठल्यावर सांगितलं. ते म्हणाले, "चल, चालून येऊ." पाऊण तास चाललो, एक शब्द न बोलता. बरं वाटलं.

मग आईला फोन केला. अकरातली दहा रोपं तिने तेव्हाच उपटली होती, एक आप्पांनी ठेवायला लावलं. "राहू दे एक साक्षीला," म्हणाले होते. ते झाड आता न्हाणीघराच्या कौलांवर गेलंय. बाठ्याचं झाड, त्यामुळे हापूस धरला नाहीच, धरतो तो दोऱ्याचा, आंबटगोड, चोखून खायचा बिटका. मी विचारलं, यंदा किती लागलेत? म्हणाली, "लागलेत बरेच. माकडांनी ठेवले तर पाठवते पिशवीभर. तुला किती चालतात गं एका वेळी?"

एक, म्हटलं. जेवणात पोळी कमी करून.

"बरं," म्हणाली, आणि लिहून घेत होती बहुतेक, कारण थोडा वेळ फोनवर नुसता पेनाचा आवाज येत होता.