न केलेल्या गुन्ह्याचे हजार रुपये मी भरले

गेल्या पावसाळ्यात एका गुरुवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर मेसेज आला. विनाहेल्मेट स्कूटर चालवल्याचं चलन, हजार रुपये. चलन बाहेरच्या राज्यातल्या एका शहरातलं, जिथे मी आयुष्यात कधी स्कूटर नेलेली नाही. मी सिंधुदुर्गातल्या बांद्याची. रोज पत्रादेवीची सीमा ओलांडून गोव्यात म्हापशाला एका औषधांच्या दुकानात कामाला जाते आणि संध्याकाळी परत येते. माझी स्कूटर त्यापलीकडे जात नाही.

लिंक उघडून फोटो मोठा करून पाहिला. राखाडी रंगाची स्कूटर, वर दोन पोरगे, मागचा मोबाइलवर बोलतोय. माझी स्कूटर लाल आहे. नंबर प्लेटवर चिखल उडालेला होता. शेवटचा आकडा डोळे बारीक करून पाहिला तर तो 8 होता. माझ्या नंबरात शेवटी 3 आहे. कॅमेऱ्याने आठाचा तीन केला आणि मेसेज माझ्याकडे आला.

आधी वाटलं, फोटो दाखवला की संपलं. दिलेल्या नंबरावर फोन लावला. तिसऱ्या वेळी कुणीतरी उचलला आणि सांगितलं, कागद घेऊन इथे या. कधी यायचं, कुणाला भेटायचं, काही नाही. तक्रार लिहून पाठवली, तिला उत्तर आलं नाही. दुकानात एका दिवसाची सुट्टी म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला, वर गाडीभाडं वेगळं. शेजारचे भाऊ वीस वर्षं टेम्पो चालवतात. ते म्हणाले, "अगो, भर नि मोकळी हो. तारखेक गेलंस तर दोन दिवसांचो पगार जातलो." ह्यांचंही तेच म्हणणं पडलं. मी भरले.

तेव्हापासून ती गोष्ट मनातून जात नाही, म्हणून आज लिहितेय.

चुकी असेल तर दंड भरायलाच हवा. हेल्मेट मी घालते, आणि न घालणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. या 66 नंबरच्या हायवेवर किती घरांतली माणसं गेली ते आपल्या गावांना सांगायला नको. पण न केलेल्या गुन्ह्याचा दंड माणूस गपचूप भरतो, कारण लढायला जास्त पैसे लागतात. हा न्याय नव्हे. आपल्या तालुक्यातलं चलन असतं तर मी अर्ध्या दिवसात जाऊन आले असते. सीमा ओलांडली की तेच हजार रुपये डोंगराएवढे होतात.

आणि भरून सुटले असं मला वाटलं तेही खरं नाही. माझ्या मावसबहिणीची मुलगी सावंतवाडीला वकिली करते. तिला हे सांगितलं तर ती माझ्यावर चिडलीच. म्हणाली, "मावशी, हेल्मेटच्या कलमात नुसता हजाराचा दंड नाही. 194डी वाच. त्यात 3 महिने लायसन्स अपात्र ठरवायची तरतूद आहे. उद्या कुणी ती लावली तर तू कामाला कशी जाणार?" मी गप्प बसले. 2019 ला कायदा बदलला आणि दंड वाढले एवढंच मला माहीत होतं.

मग तिने त्या संध्याकाळी चहा घेता घेता जे सांगितलं, ते मला महिनाभर आधी कुणी सांगायला हवं होतं.

पहिली गोष्ट म्हणजे, बहुतेक चलनांसाठी आपल्याला स्वतः कोर्टात उभं राहावं लागत नाही. मोटार वाहन कायद्याच्या 208 कलमाप्रमाणे नुसत्या दंडाच्या गुन्ह्यात समन्सवरच लिहिलेलं असायला हवं की तुम्ही स्वतः या किंवा वकिलामार्फत या. गुन्हा कबूल असेल तर रक्कम मनीऑर्डरने पाठवायची सोयसुद्धा त्याच कलमात आहे. कायदा 1988 चा. म्हणजे लांबच्या माणसाचा विचार तेव्हाही कुणीतरी केला होता.

मी विचारलं, पण तिकडचा वकील मी कुठून शोधू? ती हसली. महाराष्ट्र आणि गोवा यांची बार कौन्सिल, म्हणजे वकिलांची नोंदणी करणारी संस्था, एकच आहे. हायकोर्टही एकच, मुंबईचं, आणि त्याचं खंडपीठ पर्वरीला. वकिलाला तसं देशात कुठेही उभं राहता येतं, पण सावंतवाडीच्या वकिलाला पेडण्याचं कोर्ट परकं नाही. आपणच ते परकं समजून बसलोय.

आणि ज्याने मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते हे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, कारखान्यातले कामगार यांनाही मिळतो. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे, महाराष्ट्रात ती 3 लाखांची. फोन करायचा तो 15100 वर. मी बाई आहे, मला वकील फुकट मिळाला असता, आणि मी न केलेल्या गुन्ह्याचे पैसे भरून बसले.

रस्त्यावर अडवलं तर काय, हेही तिने सांगितलं. लायसन्स काढून घेतलं तर त्याची पावती द्यावीच लागते, आणि ते परत मिळेपर्यंत त्या पावतीवर गाडी चालवता येते, कलम 206. कागद डिजिलॉकरमध्ये असतील तर मोबाइलवर दाखवले तरी चालतात. पावती नाही तर पैसे नाहीत, एवढं तरी सगळ्यांनी ठरवा. शिवाय महाट्रॅफिकच्या ॲपवर आपल्या राज्यातली चलनं दिसतात, बाहेरची परिवहनच्या ई-चलन पोर्टलवर शोधावी लागतात. आणि आरसी बुकाला जोडलेला मोबाइल नंबर बदलला असेल तर आधी तो अपडेट करा, नाहीतर चलन आल्याचंही कळत नाही.

सकाळी सातला पत्रादेवीला उभं राहून बघा. MH-07 च्या स्कूटरी आणि बाइकची रांग, हुकाला डबा लटकवलेला, पावसात रेनकोटाच्या आत बॅग. दोडामार्ग, आरोंदा, सातार्डा, सगळीकडून पोरं-पोरी पलीकडे कामाला जातात. बांबोळीच्या हॉस्पिटलात पेशंट घेऊन जाणाऱ्या गाड्या वेगळ्याच. सरकारच्या कागदावर आम्ही परराज्यातले वाहनचालक असू, पण आमचं रोजचं पोट त्या रस्त्यावर आहे.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे. दोन्हीकडच्या विधी सेवा प्राधिकरणांनी मिळून सीमेवरच्या तालुक्यांसाठी महिन्यातून एक दिवस मदतकक्ष बसवावा. चलन चुकीचं आहे असं म्हणणाऱ्याचे कागद तिथे घ्यावेत, वकील तिथेच नेमून द्यावा आणि म्हणणं व्हिडिओवरून मांडू द्यावं. ऑनलाइन चालणाऱ्या व्हर्च्युअल कोर्टात पैसे भरायला एक मिनिट लागतं. मात्र चलन मान्य नाही म्हटलं की प्रकरण तिथल्या नेहमीच्या कोर्टाकडे जातं आणि माणूस पुन्हा एसटी स्टँडवर. भरणं घरबसल्या होतं तर नाही म्हणणंही घरबसल्या व्हायला हवं.

अर्ज भाचीने लिहून दिलाय, दोन पानी. माझ्या चलनाचा फोटो त्याला जोडलाय, तो चिखलातला 8 सुद्धा. ज्यांना असं चुकीचं चलन आलंय त्यांनी आपल्या चलनाची प्रिंट घेऊन रविवारी संध्याकाळी पाचला बांद्याच्या एसटी स्टँडसमोर या. मी सह्या घ्यायला तिथे थांबणार आहे.