कुरडयांपायी विमा गेला

घराचा विमा पुढे चालू ठेवणार नाही, असं कंपनीचं पत्र आलं. कारण एका ओळीत: छपराची अवस्था वाईट. अहो, आमचं छप्पर इतकं नवं आहे की त्याच्या कर्जाचे हप्ते अजून फिटायचेत!

आम्ही राहतो कॅलिफोर्नियात, साक्रामेंटोच्या पूर्वेच्या टेकड्यांवर. 2018 साली पॅराडाइज गाव वणव्यात जळालं, त्यानंतर वणव्याच्या पट्ट्यातून विमा कंपन्या हळूहळू पाय काढताहेत. कायद्याने 75 दिवस आधी कळवावं लागतं, तेवढं इमानेइतबारे कळवतात. गल्लीतल्या सगळ्यांना वणव्यासाठी काढलं. आम्हाला गळक्या छपरासाठी. चारचौघांत सांगायचं कसं?

फोन लावला. भरपूर संगीत ऐकवून झाल्यावर एक गोड आवाजाचा मुलगा आला.

"मॅडम, विमानातून काढलेल्या फोटोत तुमच्या छपरावर निळी ताडपत्री दिसते. ताडपत्री म्हणजे गळती."

फोन स्पीकरवर होता. शेजारी आई लसूण सोलत बसली होती. "अगं, माझी साडी असेल ती. कुरडया नव्हत्या का घातल्या?"

खाली अंगणात हरणं आणि रानटी टर्की हिंडतात, गच्ची नाही. तेव्हा आईने वरच्या बेडरूमच्या खिडकीतून हात पोचेल असं पॅटिओचं, म्हणजे घराला लागून असलेल्या ओट्याचं, छप्पर हेरलं होतं.

"ती साडी आहे," मी म्हटलं. "तिच्यावर खायचा पदार्थ वाळत होता."

बराच वेळ नुसती टकटक. "आमच्याकडे त्या गोल वस्तूंची नोंद 'उखडलेले शिंगल्स', म्हणजे छपरावरचे निघालेले पत्रे, अशी आहे. पदार्थ ज्वलनशील आहे का?"

मी आईला विचारलं. "तळला की फुलतो म्हणावं. तेल फार तापलं तर जळतोसुद्धा."

मी पहिलंच वाक्य पुढे पाठवलं. 'उष्णतेने प्रसरण पावतो' असं पुटपुटत त्याने ते टाइप केलं.

"आईंनी हिरवी साडी अंथरायला हवी होती, झाडीत खपून गेली असती," हे आमच्या यजमानांचं या प्रकरणातलं एकमेव योगदान.

कंपनीने रूफरचं, म्हणजे छपराच्या कारागिराचं, प्रमाणपत्र मागितलं. पदरचे पैसे घालून तेही पाठवलं. उत्तर आलं: निर्णय झालेला आहे, नवा फोटो विमानाच्या पुढच्या फेरीत. फेरी कधी, ते त्या मुलालाही ठाऊक नव्हतं.

विम्याशिवाय राहून बघावं म्हटलं, तर तीही सोय नाही. घरावर कर्ज आहे. आपण विमा उतरवला नाही, तर बँक उतरवते; तो महाग असतो, राखतो बँकेचा पैसा आणि बिल येतं आपल्याला. शेवटी फेअर प्लॅन घेतला. ज्यांना कुणी दारात उभं करत नाही, त्यांच्यासाठी 1968 पासून ही व्यवस्था आहे. पण भरपाई कशाची? आग, धूर, वीज पडणं, घरातला स्फोट. चोरी झाली, पाइप फुटला किंवा पाहुणा पायरीवरून घसरला, तर त्यासाठी दुसरी पॉलिसी, दुसरा हप्ता. थोडक्यात, गळक्या छपरासाठी हाकललं आणि पदरात पडला तो गळतीला एक पैसा न देणारा विमा. घर घेतल्यापासून एकही क्लेम केलेला नाही, ते सगळे हप्ते गेले कुठे, हे विचारायला त्यांच्या फोनवर कुठलं बटण दाबायचं?

परवा त्याच कंपनीचं पाकीट आलं, छान रंगीत. गाडीचा विमाही आमच्याकडे उतरवा, घराच्या विम्यासोबत घेतल्यास भरघोस सवलत!