जुन्या संगणकांचा पिवळेपणा: दोष एकट्या उन्हाचा नाही

गोव्यातल्या जुन्या संगणकांच्या हौशी लोकांत एक संदेश सध्या हातोहात फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे की प्लास्टिक केवळ उन्हाने पिवळे पडते, यंत्र काळोखात ठेवले तर रंग टिकतो, सगळ्याचे मूळ ब्रोमिनमध्ये आहे, आणि हायड्रोजन पेरॉक्साईड लावून उन्हात ठेवले की प्लास्टिक कायमचे नवे होते. ही विधाने जशीच्या तशी मानली तर चांगली यंत्रे हकनाक खराब होतील.

उन्हाचा वाटा खराच आहे. १९८७ च्या अमिगा ५०० सारख्या घरगुती संगणकावरचे जुने लेबल सोलले की खाली बहुधा मूळ रंगाचा चौकोन निघतो. खिडकीची साधी काचही अतिनील किरणांपैकी बराच भाग आत सोडते. परंतु पिवळेपणाची मुख्य प्रक्रिया ऑक्सिडीकरणाची आहे. या संगणकांची आवरणे बहुधा ज्याची असतात त्या एबीएस प्लास्टिकमधला ब्युटाडाईनचा रबरी अंश हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि त्यातून रंगीत संयुगे तयार होतात. प्रकाश ही क्रिया वेगाने घडवतो, तर उष्णता तीच क्रिया काळोखातही चालू ठेवते. म्हणूनच खोक्यात बंद राहिलेली यंत्रेही पिवळी झालेली आढळतात, आणि उन्हाळ्यात कौलांखाली तापणारा माळा ही त्यांच्यासाठी सुरक्षित जागा नव्हे.

अनेक जुन्या कळफलकांवर अक्षरांच्या कळा पांढऱ्याच राहिलेल्या आणि त्यांच्याखालची स्पेसबार तेवढी पिवळी झालेली दिसते. दोन्हींवर पडलेला उजेड एकच. अक्षरांच्या कळा पीबीटी या वेगळ्या प्लास्टिकच्या आणि स्पेसबार एबीएसची, एवढाच फरक. उजेडच सर्व काही असता तर हे घडले नसते.

ब्रोमिनबाबत थोडक्यात: आग रोखण्यासाठी मिसळलेली ब्रोमिनयुक्त द्रव्ये पिवळेपणा वाढवू शकतात, पण ती नसलेले एबीएसही पिवळे पडते.

सर्वांत घातक विधान 'कायमचे' हे आहे. पेरॉक्साईड पृष्ठभागावरील रंगीत संयुगांचा रंग घालवते, परंतु तुटलेल्या रेणुसाखळ्या जोडत नाही. ठिसूळपणा तसाच राहतो आणि पिवळेपणा बहुधा परततो. तरीही प्रयोग करायचाच असेल तर हातमोजे घालावेत आणि मे महिन्याच्या उन्हात लेप सुकू देऊ नये, कारण तो जिथे सुकतो तिथे पांढरे ओघळ उमटतात आणि ते सहसा निघत नाहीत.