खुर्ची नंबर १४ आणि 'फॉरेन कंट्रोल'

रविवारी सकाळी डोंबिवलीच्या मामाने घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि खाली लिहिलं, "तू पण असल्याच ठिकाणी होतीस ना गं?" मजकूर मी याआधी दोनतीनदा पाहिला होता आणि सोडून दिला होता. या वेळी त्याला फोटो जोडलेला होता. लहान मुलांची लाल प्लास्टिकची खुर्ची, पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटने 'एफसी १४', शेजारी देणगीदाराचा स्टिकर, आणि या सगळ्याभोवती कुणीतरी मोबाइलवर बोटाने काढलेला लाल गोल.

ते अक्षर माझं आहे. एक या आकड्याची शेपटी मी कायम गरजेपेक्षा लांब काढते. मानखुर्दच्या एका वस्तीत बालवाडी चालवणाऱ्या छोट्या स्वयंसेवी संस्थेची मी नऊ वर्षं हिशेबनीस होते. २०१९च्या मार्चअखेरीला, ऑडिटर यायच्या आदल्या दिवशी, जमिनीवर पेपर पसरून मी तशा तीस खुर्च्या रंगवल्या होत्या. रंग पुरला नाही म्हणून शेवटच्या चार निळ्या रंगात आहेत. फोटो काढणाऱ्याने निळी का निवडली नाही कोण जाणे, ती जास्त संशयास्पद दिसली असती.

ज्यांच्या ग्रुपवर हा प्रकार अजून पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: 'सावधान मुंबईकर' अशी सुरुवात. मग म्हणणं असं की वस्तीत काम करणाऱ्या संस्थांना परदेशातून कोट्यवधी येतात, कुणालाही येतात, सरकारकडे हिशेब नसतो. ऐंशी टक्के पैसा पगारात आणि गाड्यांत जातो. मतदार फिरवायला अमेरिकेने २१ मिलियन डॉलर पाठवले. मेट्रो आणि रस्ते हेच लोक अडवतात. धर्मांतर तर आहेच. मोठ्या संस्था छोट्यांना पैसा वाटतात, 'ही साखळी आहे'. आणि शेवटी खुणा: सामानावर स्टिकर असेल, 'एफसी' म्हणजे 'फॉरेन कंट्रोल' लिहिलेलं असेल, तर त्या बालवाडीत मूल घालू नका आणि त्यांना खोली भाड्याने देऊ नका.

आधी ते फॉरेन कंट्रोल उरकते. एफसी म्हणजे फॉरेन कॉन्ट्रिब्युशन, परदेशातून आलेलं योगदान. या पैशाचं खातं वेगळं, वह्या वेगळ्या, आणि त्यातून घेतलेल्या वस्तूही वेगळ्या ओळखू याव्या लागतात. म्हणून खुर्चीवर नंबर. सरकारी शाळेतल्या बाकावरही नंबर असतो, रेल्वेच्या पंख्यावरही असतो. हिशेब लपवायचा असता तर कुणी ऑइलपेंटने तो खुर्चीच्या पाठीवर लिहिला असता का?

आता 'सरकारकडे हिशेब नसतो'. हे वाक्य वाचून मला खरोखर हसावं की रडावं कळेना. मामा, तू पस्तीस वर्षं बँकेत काढलीस, तुला तरी हे पटायला नको होतं. परदेशी पैशावरचा पहिला कायदा १९७६चा, आणीबाणीतला. २०१० साली नवा आला, २०२० मध्ये तो आणखी आवळला. केंद्रीय गृहमंत्रालयाकडे नोंदणी हवी असेल तर संस्था किमान तीन वर्षं जुनी पाहिजे आणि त्या तीन वर्षांत प्रत्यक्ष कामावर पंधरा लाख खर्च केलेले पाहिजेत. नोंदणी पाच वर्षांपुरती, मग पुन्हा अर्ज. पदाधिकाऱ्यांचे आधार क्रमांक किंवा पासपोर्ट. वर्ष संपल्यावर नऊ महिन्यांत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत, एफसी-४ नावाचा फॉर्म, सनदी लेखापालाच्या सहीसकट. शिवाय महाराष्ट्रात १९५०च्या कायद्याखाली वरळीच्या धर्मादाय आयुक्तांकडे ऑडिट द्यायचं ते निराळंच.

आणि २०२०नंतरचा कळस म्हणजे खातं. देशातल्या कुठल्याही संस्थेला परदेशी पैसा घ्यायचा असेल तर तो एकाच शाखेत येतो: स्टेट बँक, मुख्य शाखा, संसद मार्ग, नवी दिल्ली. गडचिरोलीतली संस्था असो नाहीतर मानखुर्दमधली, पहिलं खातं दिल्लीत. कोविडमध्ये सगळं बंद असताना आम्ही ते उघडलं. मुदत ३१ मार्च २०२१ होती, ती पुढे ३० जूनपर्यंत वाढली. त्या तीन महिन्यांत मी केवायसीचे कागद चार वेळा पाठवले, कारण एका विश्वस्ताच्या आधारवर 'बाळकृष्ण' होतं आणि ठरावावर 'बाळक्रुष्ण'. आमची वर्षाची परदेशी जमा तेव्हा अठरा लाख होती. त्यासाठी गृहमंत्रालयाला माझ्याबद्दल जेवढं माहीत आहे तेवढं माझ्या नवऱ्यालाही नाही.

नोंदणी टिकवणंही सोपं नाही. १ जानेवारी २०२२ला एका रात्रीत जवळपास सहा हजार संस्थांची नोंदणी संपुष्टात आली. अनेकांनी नूतनीकरणाचा अर्जच केला नव्हता, काहींचा फेटाळला गेला. त्याच्या आठवडाभर आधी मदर तेरेसांच्या संस्थेचंही नूतनीकरण नाकारलं होतं, जानेवारीत ते परत मिळालं. 'कुणालाही येतात' म्हणणाऱ्याने एकदा अर्ज भरून बघावा.

एक गोष्ट मात्र कबूल करते, थोडी नाइलाजाने. सामान्य माणसाला हा हिशेब आता सहज दिसत नाही, हे खरं आहे. पूर्वी गृहमंत्रालयाच्या संकेतस्थळावर संस्थांची वार्षिक विवरणपत्रं उघडून वाचता यायची. मी स्वतः दुसऱ्यांची वाचायचे, आपलं बरोबर भरलंय का ते ताडून पाहायला. जुलै २०२२ मध्ये ती तिथून काढली गेली, आणि दर तिमाहीची जमा जाहीर करण्याचा नियमही त्याच सुमारास रद्द झाला. पडदा पडलाय खरा, पण तो संस्थांनी पाडलेला नाही.

पगार आणि गाड्या. कायदा म्हणतो, प्रशासकीय खर्च वीस टक्क्यांच्या वर नको. २०२०पूर्वी ही मर्यादा पन्नास होती. म्हणजे ऐंशी टक्क्यांचा आकडा नेमका उलटा फिरवलेला आहे. इथे कुणी हुशार म्हणेल, पण बाईंचा पगार प्रशासकीय धरत नाहीत ना? नाही धरत. शाळेतल्या शिक्षकाचा, दवाखान्यातल्या डॉक्टरचा पगार हा कामाचाच खर्च असतो, नियमातच तसं आहे. बालवाडी म्हणजे काय असतं? दहा बाय पंधराची खोली, बत्तीस मुलं, एक ताई, एक मदतनीस, खिचडीचा टोप आणि वजनकाटा. यातून ताईचा पगार काढला तर उरतं काय, टोप? आमच्या ताईला साडेसात हजार मिळायचे. गाडी नव्हती. मी हार्बर लाइनने यायचे, पासचे पैसेसुद्धा मागितले नाहीत, कारण त्याचं व्हाउचर करायचा कंटाळा.

हो, पंचतारांकित हॉटेलात 'गरिबी' विषयावर परिषदा भरवणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत. कागदावरच चालणाऱ्याही, नवरा अध्यक्ष आणि बायको खजिनदार असलेल्याही. त्यांच्याबद्दल मामा जे बोलेल त्याहून वाईट मी बोलू शकते.

आता २१ मिलियन. हा मुद्दा सगळ्यात मोठ्या अक्षरांत होता, सोबत '१८२ कोटी'. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या नव्या प्रशासनाने खर्चकपातीची यादी काढली, तिच्यात 'भारतातील मतदान वाढवण्यासाठी २१ मिलियन डॉलर' अशी ओळ होती. आपल्याकडे गदारोळ झाला. त्यानंतर काय झालं ते फॉरवर्डवाल्यांनी वाचलंच नाही. २१ ऑगस्ट २०२५ला परराष्ट्र मंत्रालयाने राज्यसभेत लेखी उत्तर दिलं. सरकारने अमेरिकी दूतावासाकडे तपशील मागितला होता, तो जुलैमध्ये आला, आणि दूतावासाचं म्हणणं असं की २०१४ ते २०२४ या आर्थिक वर्षांत भारतात मतदानासाठी असे २१ मिलियन डॉलर यूएसएड या अमेरिकी सरकारच्या मदत संस्थेच्या भारत कार्यालयाला मिळालेही नाहीत, त्याने दिलेही नाहीत आणि मतदानाशी संबंधित कुठलंही काम त्याने इथे केलं नाही. हे संसदेच्या कागदावर आहे, आणि उत्तर देणारं सरकार संस्थांवर विशेष प्रेम करणारं नाही, हेही लक्षात घ्या. त्याआधी अर्थमंत्रालयाच्या २०२३-२४च्या वार्षिक अहवालातही होतं की यूएसएड भारत सरकारसोबत सात प्रकल्प राबवत आहे, एकूण किंमत सुमारे ७५ कोटी डॉलर. शेती, पाणी, आरोग्य, ऊर्जा, जंगल, आपत्ती व्यवस्थापन. मतदान कुठेच नाही.

यूएसएडचा पैसा थांबला तेव्हा बंद काय पडलं ते सांगते. कल्याणला तृतीयपंथीयांसाठी एक दवाखाना होता, हैदराबाद आणि पुण्यालाही तसेच होते. अमेरिकी मदत गोठली आणि तिन्ही दवाखान्यांना टाळं लागलं. मामा, कल्याण तुझ्यापासून लोकलने दोन स्टेशनं.

मेट्रो अडवल्याचं म्हणता, तर मेट्रो-३ला कर्ज जायका या जपानच्या सरकारी मदत संस्थेचं आहे. अटल सेतूलाही. तो परदेशी पैसा चालतो, बालवाडीचा चालत नाही. रुळांलगतच्या झोपड्या हलवून लोकलचे मार्ग वाढवायचा प्रकल्प २००२ पासून वर्ल्ड बँकेच्या कर्जावर झाला, आणि त्यातल्या पुनर्वसनाच्या कामात स्पार्क, राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ आणि महिला मिलन होते. स्पार्क १९८४ पासूनची, परदेशी देणग्या घेणारी संस्था. म्हणजे अडवणारे राहिले बाजूला, हे लोक लाइन मोकळी करायला मदत करत होते. (त्या पुनर्वसनाबद्दलही तक्रारी झाल्या, बँकेच्या तपास मंडळापर्यंत गेल्या. सगळं छान झालं असं मी म्हणत नाही.) २०१४ मध्ये फुटलेल्या गुप्तचर विभागाच्या एका अहवालात संस्थांमुळे विकासदर दोनतीन टक्क्यांनी घसरतो असा दावा होता, तो या फॉरवर्डचा आजोबा. त्यात अणुप्रकल्प आणि कोळसा होता, खिचडी नव्हती.

धर्मांतर: आमिषाने किंवा जबरदस्तीने धर्मांतर केलं असेल तर नोंदणी मिळतच नाही, कायद्यात स्पष्ट लिहिलंय. धार्मिक कामासाठी मात्र परदेशी पैसा घेता येतो, सगळ्याच धर्मांना, आणि सगळेच घेतात. पुढे.

'साखळी'. हा मुद्दा वाचून मी फोन आपटलाच. कारण साखळी होती, आणि तीच आमच्यासारख्यांचा आधार होती. मोठी संस्था परदेशी अनुदान आणायची, तिच्याकडे इंग्रजीत प्रस्ताव लिहिणारे होते, आणि ती वस्तीतल्या पाचसहा छोट्या गटांना थोडे थोडे पैसे द्यायची. २०२०च्या दुरुस्तीने कलम ७ बदललं आणि आलेला परदेशी पैसा दुसऱ्या कुणालाही देणं बंद केलं. अगदी नोंदणीकृत संस्थेलासुद्धा नाही. त्याविरुद्ध काही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या, ८ एप्रिल २०२२ला न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली. त्यामुळे २०२० पासून बंद असलेल्या गोष्टीबद्दल आज 'सावधान' म्हणणं चाललंय. ज्या बचतगटाला वर्षाला चाळीस हजार मिळायचे, त्याने दिल्लीत खातं उघडावं आणि जपानी वकिलातीकडे अनुदानासाठी थेट अर्ज करावा, ही अपेक्षा कुणी केली असेल तर त्याने एकदा त्या गटाच्या सेक्रेटरीला भेटावं. त्या पोळ्या लाटून उदरनिर्वाह करतात.

फॉरवर्डमध्ये नसलेला एक मुद्दा फुकट देते. मार्च २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं की देशातल्या दोन मोठ्या पक्षांनी परदेशी कंपनीच्या उपकंपन्यांकडून देणग्या घेऊन हाच कायदा मोडला. मग २०१६ आणि २०१८च्या वित्त विधेयकांत 'परदेशी स्रोत' या शब्दाची व्याख्या मागच्या तारखेने बदलली, थेट ५ ऑगस्ट १९७६ पासून. आम्हाला 'बाळक्रुष्ण'साठी चार खेपा.

आता खोलीबद्दल. ज्या माणसाने ती आम्हाला अकरा वर्षं भाड्याने दिली, त्याच्या मेहुण्याने हा मजकूर त्याला दाखवला. तो वाईट माणूस नाही. पावसाळ्यात छत गळायचं तेव्हा स्वतः वर चढून ताडपत्री बांधायचा. त्याने ताईला बोलावून सांगितलं की दिवाळीनंतर खोली सोडा. ताईने ऑडिटची फाइल नेऊन दाखवली, नोंदणीचं पत्र दाखवलं. त्याने चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाला, "ताई, माझा विश्वास आहे. पण लोक विचारतात." सात आया मुलांना घेऊन जायला आल्या त्या दुसऱ्या दिवसापासून आल्याच नाहीत. त्यातल्या एकीचा मुलगा वजनात कमी होता. दर पंधरा दिवसांनी त्याचं वजन घेऊन नोंद करायची असते. रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे आता तीन रकाने रिकामे आहेत. सध्या बालवाडी मंडळाच्या हॉलमध्ये सकाळी दोन तास भरते, कुणाचं लग्न-बारसं नसेल तेव्हा. खुर्च्या ताईच्या घरी एकावर एक रचून ठेवल्यात, रात्री त्या बाहेर काढून मग अंथरूण घालावं लागतं.

हे सगळं मी मामाला फोनवर सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "अगं, मी फक्त पुढे पाठवला." किती ग्रुपवर? तीन. बिल्डिंगचा, सकाळी चालायला जाणाऱ्यांचा आणि बँकेतल्या जुन्या लोकांचा.

मग मामा, हेही त्या तिन्हींवर टाक. लांब आहे, माहीत आहे. बँकेतल्या लोकांच्या ग्रुपवर आधी टाक, ते निदान खात्याचा परिच्छेद वाचतील.