मोटलींना मेडल फक्त 'पहिली' म्हणून मिळालं म्हणे!

2001 मध्ये बिल क्लिंटननी कॉन्स्टन्स बेकर मोटलींना प्रेसिडेन्शियल सिटिझन्स मेडल दिलं, त्यावर एक दावा सारखा शेअर होतो. अमेरिकेतल्या ब्लॅक लोकांच्या हक्कांचे खटले लढण्याचं खरं काम वकील थर्गूड मार्शलचं, या नुसत्या असिस्टंट, पहिली ब्लॅक महिला फेडरल जज म्हणून पद आयतं मिळालं आणि जज म्हणून त्या एकतर्फीच. वाचून संताप होतो, म्हणून एकेक घेते.

असिस्टंट? ज्या ब्राउन केसमध्ये 1954 ला शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरला, तिच्या मूळ दाव्याचा मसुदा यांच्या हातचा. आणि मार्शल 1961 च्या ऑक्टोबरात जज म्हणून नेमले गेले आणि हे खटले लढवणाऱ्या NAACP लीगल डिफेन्स फंड या दोघांच्या संस्थेतून बाहेर पडले, त्याच महिन्यात मोटली सुप्रीम कोर्टात पहिल्यांदा उभ्या राहिल्या, अलाबामातल्या फाशीची शिक्षा झालेल्या हॅमिल्टन नावाच्या माणसासाठी, कारण आरोप वाचून दाखवताना त्याच्या बाजूला वकीलच नव्हता, आणि तिथे त्या जिंकल्या. असे 10 खटले लढवले, 9 जिंकले. हरलेला दहावा ज्युरी निवडीत ब्लॅक लोकांना वगळण्याबद्दलचा होता, त्यातली कोर्टाची भूमिका 1986 ला कोर्टानेच बदलली. जेम्स मेरेडिथ या ब्लॅक विद्यार्थ्याला 1962 मध्ये फक्त गोऱ्यांना घेणाऱ्या मिसिसिपी युनिव्हर्सिटीत ॲडमिशन मिळवून दिली तीही यांनीच. त्या काळात मिसिसिपीत त्यांच्यासोबत असायचे ते नागरी हक्कांचे कार्यकर्ते मेडगर एव्हर्स, त्यांना पुढच्याच वर्षी स्वतःच्या घरासमोर गोळी घातली. असल्या ठिकाणी या बाई परत परत जात होत्या हो!

पद आयतं मिळालं हेही खोटं. 1966 च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी जजपदासाठी नाव मंजुरीला सिनेटकडे पाठवलं, मिसिसिपीचेच सिनेटर ईस्टलंड जजची नावं तपासणाऱ्या सिनेट कमिटीचे चेअरमन, त्यांनी कम्युनिस्ट असल्याचा आरोप करून ते अडवून धरलं, मंजुरी ऑगस्टअखेर.

राहिला 'एकतर्फी'चा मुद्दा, आणि हा आरोप तेव्हाही झालाच होता. 1975 मध्ये न्यूयॉर्कच्या एका बड्या लॉ फर्मवर, सलिव्हन अँड क्रॉमवेलवर, एका महिला वकिलाने नोकरीतल्या भेदभावाची केस टाकली, तर फर्मचं म्हणणं की या जज स्वतः ब्लॅक, बाई, आणि आधी अशाच केसेस लढलेल्या, तर त्यांनी बाजूला व्हावं. मोटलींनी लिहून दिलं, की वंश, लिंग आणि पूर्वीचं काम एवढंच कारण पुरेसं धरलं तर या कोर्टातला एकही जज ही केस ऐकू शकणार नाही. गोरे पुरुष जज वर्षानुवर्षं गोऱ्या पुरुषांच्या केसेस ऐकत होते, त्यांना कोणी बाजूला व्हा म्हणालं होतं का? मोटली बाजूला झाल्या नाहीत.