वेळ कसा जातो म्हणे!

रिटायर होऊन तीन वर्षं झाली तरी भेटेल तो एकच विचारतो, "मग, वेळ कसा जातो?" आणि त्याला जोडूनच, "कन्सल्टन्सी का करत नाही, एवढा अनुभव वाया चाललाय." अरे बाबा, वाया कसला, आत्ता कुठे घरात कामी येतोय!

म्हणजे सुरुवातीला घोळ घातलाच मी, खोटं कशाला बोलू. सदतीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढलेला माणूस घरी बसला की त्याला जिकडेतिकडे ब्रेकडाऊनच दिसतात. पहिल्याच महिन्यात मी स्वयंपाकघरातल्या डब्यांना नंबर टाकले, एक्सेल शीट केली, कुठली वस्तू किती उरली की आणायची वगैरे. बायको बघून म्हणाली, "अहो, इतकी वर्षं हे घर तुमच्याशिवाय चाललंय, बंद पडलं होतं का कधी?" आठवड्याभरात लेबलं गायब. मी विचारलंसुद्धा नाही.

आणि खरंच होतं तिचं. मुलगा सायकल शिकला तेव्हा मी शटडाऊनला, म्हणजे प्लांट बंद ठेवून चालणाऱ्या मोठ्या दुरुस्तीला होतो, फोटोत बघितलं सगळं. त्यामुळे 'आता फॅमिलीला वेळ देणार' असं आम्ही रिटायर मंडळी ऐटीत सांगतो ना, त्याचं मला जरा हसूच येतं. त्यांना हवा होता तेव्हा दिला नाही, आता ते बिझी आहेत, आता आपणच त्यांच्या वेळात कुठे बसतोय ते बघायचं.

मला ती जागा सापडली ती वडिलांच्या घड्याळामुळे. लंबकाचं, चावीचं, कित्येक वर्षं बंद. उघडलं तर आत वाळून चिकट झालेलं तेल, बाकी दातेबिते एकदम शाबूत. साफ केलं, तेल दिलं, चालू झालं आणि दहा मिनिटांत बंद. परत चालू, परत बंद. मी वही काढली. २५ सेंटीमीटरचा लंबक अर्ध्या सेकंदात या टोकाचा त्या टोकाला जातो, लांबी एक मिलिमीटर वाढली तर घड्याळ दिवसाला जवळपास तीन मिनिटं मागे पडतं, स्टीलचा दांडा असेल तर तापमान दहा डिग्री वाढल्यावर पाचेक सेकंद, सगळं काढलं. (हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने १६५६ साली हे लंबकाचं घड्याळ काढलं तेव्हा त्याच्याकडे कॅल्क्युलेटरही नव्हता, तरी आमची ही थेरं.) पण बंद का पडतं ते काही गणितात येईना.

नात शेजारी चित्र काढत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "आजोबा, ते लंगडतंय."

कान देऊन ऐकलं तर खरंच, टिक... टॉकटिक... टॉक. घड्याळ भिंतीवर तिरकं लागलं होतं हो! खालून बोटभर सरकवलं, ती डोळे मिटून ऐकत होती, "अजून... अजून... बास!" तेव्हापासून थांबलेलं नाही. इतक्या वर्षांत कुठल्या मशीनच्या आवाजावर मी फॉल्ट ओळखले असतील आणि इथे वही उघडून बसलो होतो.

अजून रोज चाळीस सेकंद मागे पडतं. लंबकाखालचा नट जरासा फिरवला की काम होईल, दोन मिनिटांचं आहे. पण दर रविवारी फोनमधली वेळ बघून काटा पुढे करायचं काम तिच्याकडे आहे आणि त्यासाठी ती स्टूल धरायला मला हाक मारते, तेव्हा तूर्तास नटाला हात लावायचा विचार नाही.