पालवी आणि मावा

वसंतात बागकाम केल्याने मन शांत होते, असे हल्ली वारंवार सांगितले जाते. ते वाचताना मला नेहमी प्रश्न पडतो, की सांगणाऱ्याने या दिवसांत गुलाबाचा कोवळा शेंडा उलटा करून कधी पाहिला आहे का. बाग या ऋतूत आनंद देते, हे मला मान्यच आहे. वाळकी समजून जवळजवळ तोडलीच असती अशा फांदीच्या डोळ्यातून तांबूस कोंब डोकावतो, तेव्हा होणारा आनंद वर्षभरात दुसऱ्या कशानेही होत नाही. पण या ऋतूतला आनंद आणि वैताग हे दोन वेगळे हिशेब आहेत, असे मानणे मला चुकीचे वाटते, कारण दोन्हींचे मूळ बहुतेक वेळा एकच असते.

मावा, म्हणजे कोवळ्या शेंड्यांवर थव्याने बसून रस शोषणारी बारीक कीड, हे त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण. नव्या पालवीत अन्नरस वेगाने वाहत असतो, तिची साल पातळ असते, आणि म्हणूनच ती आपल्याला जितकी मोहक वाटते तितकीच माव्यालाही सोयीची असते. या दिवसांत माव्याच्या माद्या नराशिवायच थेट पिल्ले जन्माला घालतात आणि उबदार हवेत ती पिल्लेही आठवड्याभरात प्रजननक्षम होतात, त्यामुळे परवा स्वच्छ दिसलेला शेंडा आज हिरव्या ठिपक्यांनी भरलेला असणे यात नवल काहीच नाही. त्यांच्या चिकट स्रावासाठी मुंग्या येतात, त्याच चिकटपणावर पुढे काळी बुरशी धरते. अशा वेळी झाड अशक्त झाले म्हणून नत्रयुक्त खताचा आणखी एक डोस देणारे लोक पाहिले की मला हसू येते, कारण जास्त नत्राने फुटवा अधिकच लुसलुशीत होतो आणि माव्याचे आणखी फावते.

यावर निसर्गाचा उपाय आहे, पण तो उशिरा येतो. मावा वाढल्याशिवाय त्याला खाणारे ढालकिडे वाढत नाहीत, आणि मधले ते दिवस माळ्याने हातावर हात ठेवून काढायचे असतात, जे फार थोड्यांना जमते. त्यात ढालकिड्याची अळी त्याच्या लालचुटूक प्रौढ रूपासारखी मुळीच दिसत नाही. काळसर, खरबरीत, नारिंगी ठिपक्यांची ती अळी नवी कीड समजून चिरडली जाते. फवारणी केली तर माव्यासोबत तीही मरते. पाण्याचा जोरदार फवारा मारून मावा खाली पाडणे, हाच उपाय मला त्यातल्या त्यात शहाणपणाचा वाटतो.

तणांबद्दलचा राग मात्र आपण थोडा स्वतःवरही काढायला हवा. माती उकरण्याची या दिवसांत जी हौस दाटून येते, तीच तणांना उठवते, कारण अनेक तणांच्या बियांना रुजण्यासाठी प्रकाशाची एक झलक लागते आणि ती आपली खुरपी त्यांना मिळवून देते. अमेरिकेतील विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये निरनिराळ्या बिया वाळूत मिसळून २० बाटल्यांमध्ये भरून पुरून ठेवल्या होत्या. ठरावीक काळाने एकेक बाटली काढून बिया पेरण्याचा तो प्रयोग आजही चालू आहे आणि २०२१ मध्ये काढलेल्या बाटलीतल्या काही बियाही रुजल्या. दीडशे वर्षांच्या आसपास दम धरणाऱ्या प्रतिस्पर्ध्याशी दर वसंतात खुरपे घेऊन भांडण्यापेक्षा, माती शक्य तितकी न हलवता तिच्यावर पालापाचोळ्याचे जाड आच्छादन घालणे मला जास्त पटते. लव्हाळ्याला मात्र तेही पुरत नाही. जमिनीतल्या गाठी शिल्लक असेपर्यंत तो आच्छादन भेदून वर येतो.

छाटणीतही घाईच नडते. गुलाब नव्या फुटव्यावर फुलतो, म्हणून तो हंगामाच्या तोंडावर छाटणे योग्यच. पण अझेलियासारख्या झुडपांच्या कळ्या आदल्या वर्षीच्या फांद्यांवर आधीच तयार असतात आणि वसंताच्या उत्साहात चाललेली कात्री पूर्ण वर्षाचा बहर कापून टाकते.

या सगळ्यात मला सर्वांत जड जाते ती विरळणी. कीड मारताना किंवा तण उपटताना मन कचरत नाही, पण आपणच पेरलेली, आपणच रोज ओलावा तपासत उगवून आणलेली निरोगी रोपे काढून टाकणे वेगळे. गाजराच्या बाबतीत तर ती दुसरीकडे लावू, ही समजूतही टिकत नाही, कारण त्याचे सोटमूळ हलवताना दुखावले की पुढे त्याला फाटे फुटतात. दाट ठेवली तर एकही गाजर धड पोसत नाही. म्हणून विरळणी करावीच लागते, आणि ती करताना रोपे ओढून काढण्याऐवजी जमिनीलगत कात्रीने कापावीत, म्हणजे निदान शेजारच्या रोपाची मुळे हलत नाहीत.